वस्तीवरची कुत्री सारखी गायब होतायत? आधी दोराचं टोक बघा

आमच्या वस्तीवर सात-आठ घरं, तीही लांब लांब, मधे सगळी शेतं, आणि दोन वर्षांत चार कुत्री गेली, त्यातली दोन माझी. पहिलं गेलं तेव्हा मी तावातावाने कॅमेरा आणला, जाडजूड कुलूप आणलं, आणि पाच महिन्यांनी दुसरं गेलं, तेही भर दुपारी, कॅमेरा चालू असताना. रेकॉर्डिंगमधे काय दिसतं, तर आमचा राजा कान पाडून, शेपटी हलवत, आरामात चालत चित्राच्या बाहेर जातोय. कोणी काही फोडलं नाही, कापलं नाही, नुसतं बोलावलं आणि हा गेला. त्यानंतर काय काय करून बघितलं, काय चाललं, कशात नुसता पैसा गेला ते एका जागी लिहितोय, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच आणि मी प्रत्येकाला फोनवर अर्धा तास तेच सांगत बसतो.

आपलं चुकतं कुठे ते आधी सांगतो. कुत्रं पाळतो ते घर राखायला, त्यामुळे त्यालाच राखायचं असतं हे डोक्यातच येत नाही. रात्री जनावरं आत घेतो, गाडीला कुलूप घालतो, आणि कुत्रं बांधतो फाटकाशी, म्हणजे घरापासून सगळ्यात लांब आणि रस्त्याला सगळ्यात जवळ.

पहिलं काम: चोरी आहे का ते ठरवा

हे टाळू नका. कुत्रं दिसलं नाही की आपण लगेच चोरी म्हणतो, आणि मग चोर शोधण्यात ते तास जातात ज्यात ते शेजारच्या शिवारात तारेत अडकलेलं सापडलं असतं. जागा झाडू नका, कशाला हात लावू नका, आधी दोर बघा. चावून तोडलेल्या दोराचं टोक झिपरं असतं, धागे लांब-आखूड, बऱ्याचदा लाळेने ओलं. झटका मारून तुटलेला दोर जिथे रोज घासायचा तिथेच तुटतो आणि त्याच्या आजूबाजूचा भागही झिजलेला दिसतो. कापलेला दोर सरळ असतो, सगळे धागे एका रेषेत, त्यात शंकेला जागा नाही. साखळी असेल तर तिचा हूक बघा, स्प्रिंग ढिली झाली असेल तर कुत्र्याने अंग झाडलं तरी हूक निसटतो.

मग पट्टा. पट्टा जागेवर पडलाय आणि बकल लावलेलंच आहे, तर कुत्र्याने मान मागे ओढून डोकं काढून घेतलंय. बकल नीट सोडवलेलं असेल तर ते माणसाच्या हाताचं काम. (प्लॅस्टिकच्या खटक्याचं बकल मात्र जोर लागला की आपोआप उघडतं, त्यावरून काही ठरवू नका.) पट्टा आणि मान यात दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवायची, आणि ज्यांचं डोकं मानेएवढंच बारीक असतं त्या निमुळत्या तोंडाच्या कुत्र्यांना साधा पट्टा टिकतच नाही, त्यांना ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा लागतो.

आणि बाकीच्या गोष्टी आठवा. रात्री फटाके वाजले का, गडगडाट झाला का? आसपास कुठली कुत्री माजावर आहे का? कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि तीन आठवडे तरी तो प्रकार चालतो, त्या काळात नर काय काय उड्या मारून जातात ते बघून हसावं का रडावं कळत नाही. शेजारच्या काकूंचा काळू 'चोरला' म्हणून आम्ही दोन दिवस रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीकडे संशयाने बघत होतो आणि तिसऱ्या दिवशी साहेब लंगडत, कान फाटलेल्या अवस्थेत स्वतःच घरी आले. चारातला हा एक मी चोरीत धरत नाही. नसबंदी केलेली असती तर तो बहुतेक गेलाच नसता, आणि पिल्लांसाठी जातिवंत कुत्री उचलणाऱ्यांनाही नसबंदी झालेलं जनावर फारसं कामाचं नसतं, त्यामुळे एका कामात दोन्ही उपाय होतात.

रात्रीची चोरी

शेजाऱ्यांना नंतर विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगितलं, भुंकत होतं बराच वेळ, मग थांबलं, मग आम्हीही झोपलो. आता यात गोम अशी की भुंकण्याची आपल्याला सवय झालेली असते, भुंकणं थांबलं की आपल्याला बरंच वाटतं. मी आता उलटं करतो. जोरात चाललेलं भुंकणं मधेच चाकूने कापल्यासारखं बंद झालं तर मी उठतो. कोल्हं नाहीतर मांजर असेल तर भुंकणं हळूहळू उतरतं, मधे गुरगुर होते, पुन्हा दोन-चारदा भुंकतं. एकदम बंद झालं म्हणजे तोंडात काहीतरी पडलंय नाहीतर तोंड धरलंय. दरवेळी काही सापडतं असं नाही, पण एकदा बॅटरी मारली तेव्हा कुंपणापलीकडून गाडी सुरू होऊन दिवे न लावता गेली, आणि आमची आत्ताची कुत्री, राणी, मांसाच्या तुकड्यावर पाय ठेवून बसली होती. खाल्लेला नव्हता, का ते खाली सांगतो. तुम्हाला असा तुकडा मिळाला तर पिशवीत भरून ठेवा, फेकू नका. कुत्रं झिंगल्यासारखं करत असेल, पाय लटपटत असतील तर तडक डॉक्टर. मीठपाणी पाजून उलटी काढायचा उद्योग करू नका, त्या मिठानेच कुत्रं दगावू शकतं, आणि गुंगीतल्या कुत्र्याला तोंडातून काही पाजलं तर ते फुप्फुसात जातं. डॉक्टरकडे जाताना ती पिशवी सोबत घ्या.

आता जागा. रात्री कुत्रं घरात घेता आलं तर विषयच संपला, बाकी सगळे उपाय त्याच्यापुढे दुय्यम आहेत. जमत नसेल तर झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली हलवा. फाटकाशी बांधलेलं कुत्रं म्हणजे चोराला ताटात वाढून दिल्यासारखं, कारण बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. त्यापेक्षा बंदिस्त जाळीत मोकळं ठेवलेलं बरं.

पण जाळीतही एक घोळ आहे जो मला वेल्डरने दाखवला, तोपर्यंत मी कुलपावरच खूश होतो. शेतातली फाटकं खुंटीवर बसवलेली असतात ना, दोन्ही खुंट्या वर तोंड करून? त्याने माझ्या समोर कुलूप लावलेलं दार बिजागरीच्या बाजूने दोन हातांनी वर उचललं, दार खुंट्यांवरून निघालं, कुलूप तसंच लटकत राहिलं. दहा सेकंदंही लागली नसतील. उपाय फुकटात होतो, वरची खुंटी उलटी म्हणजे खाली तोंड करून बसवायची, मग दार वर उचलता येत नाही. ते जमत नसेल तर बिजागरीच्या बरोबर वर लोखंडाचा एक तुकडा टाका मारून चिकटवून घ्या. तसंच नट बोल्ट. नट बाहेरून असतील तर पाना फिरवला की कडीकोयंडा अख्खा हातात. बाहेरून गुळगुळीत गोल डोक्याचे बोल्ट आणि नट आतून, असं उलटं लावून घ्या. आणि चौकटचौकट दिसणारी विणलेली चेनलिंक जाळी असेल तर तिची वरची गाठ उलगडून एकच तार गोल गोल फिरवत उपसली की जाळी मधोमध उघडते, कटर लागतच नाही, म्हणून मी खालचा माणूसभर उंचीचा भाग वेल्डमेशचा, म्हणजे तारा जागोजागी वेल्ड केलेल्या जाळीचा केला. किल्ली मात्र घरात दाराजवळ ठरलेल्या खिळ्यालाच, आग लागली तर आपल्यालाही ते कुलूप झटक्यात उघडता आलं पाहिजे.

जाळीच्या दारावर खिडकीला लावतात तो चुंबकाचा सेन्सर बसवलाय, दार सरकलं की घरात भोंगा वाजतो. हलल्यावर लागणारा दिवापण लावला, तो वाऱ्याने झाड हललं तरी लागायचा, शेवटी सेन्सरवर अर्ध्या भागाला चिकटपट्टी लावून फांदीची बाजू झाकली तेव्हा शहाणा झाला. फाटकापासून जाळीपर्यंत खडी पसरली. रात्री खडीवर कोणी चालून दाखवावं आवाज न करता.

कॅमेऱ्याबद्दल थोडकं सांगतो. मी पहिल्यांदा छपराखाली उंच लावला होता, त्यात चोर आला असता तरी टोपीच दिसली असती. फाटकाच्या बाजूचा कॅमेरा डोक्याच्या उंचीला आणा. रात्री गाडीची नंबरप्लेट कॅमेऱ्याच्याच इन्फ्रारेड उजेडाने पांढरीफटक होते, त्यासाठी एखादा कॅमेरा फक्त रस्त्याकडे, एक्स्पोजर कमी करून. आणि लेन्ससमोरचं कोळ्याचं जाळं दर आठवड्याला काढा, त्या जाळ्यामुळे रात्रभर खोटे अलर्ट येतात, मग वैतागून आपण अलर्ट बंद करतो, मग कॅमेरा असून नसल्यासारखा.

दिवसाची चोरी, म्हणजे खरी डोकेदुखी

राजा गेला तो दिवसाच. आम्ही सगळे शेताच्या खालच्या टोकाला, कुत्रं मोकळं, रस्त्यावर गाडी थांबली, कोणीतरी च्युच्यु केलं, झालं. शेवटचं कधी बघितलं तर कोण म्हणे अकराला, कोण म्हणे जेवायच्या वेळी, आणि शोधायला लागलो संध्याकाळी सहाला. सहा-सात तासांत गाडी कुठच्या कुठे जाते. आता घरात असा नियम केलाय की जो कोणी पाणी प्यायला वर येईल त्याने कुत्रं बघायचं, दिसलं नाही तर लगेच हाक मारायची, कामं उरकून नाही. कटकट वाटते खरी, पण गेल्या पावसात राणी विहिरीच्या कठड्यापलीकडे अडकली होती ती यामुळेच वेळेत कळली.

परक्याच्या हातचं न खाणं शिकवता येतं आणि फार अवघड नाही. मुठीत खाऊ धरायचा, मूठ बंद. कुत्रं चाटेल, पंजा मारेल, मारू दे. ज्या क्षणी तोंड मागे घेईल त्या क्षणी दुसऱ्या हातातून दुसरा खाऊ द्यायचा, मुठीतला कधीच नाही. मग तोच खाऊ जमिनीवर, पाय ठेवायला तयार राहून. मग घरच्या दुसऱ्या माणसाने द्यायचा, मग ओळखीच्याने, मग कुत्र्याने कधी न बघितलेल्या माणसाने, आणि शेवटी कुंपणाबाहेरून फेकायचा. फेकलेला खाऊ सोडून कुत्रं तुमच्याकडे आलं की त्याला त्याहून भारी काहीतरी मिळालं पाहिजे. रोज पाच-दहा मिनिटं, आम्हाला दोन महिने लागले. भुकेल्या कुत्र्यावर हे टिकत नाही, म्हणून संध्याकाळचं खाणं ठरल्या वेळी आणि पोटभर. राणीने त्या रात्री तुकडा खाल्ला नाही तो याच्यामुळे, पण तो तिने पायाखाली धरून ठेवलाच होता, अजून पंधरा मिनिटं मी गेलो नसतो तर काय झालं असतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पट्ट्याच्या बिल्ल्यावर कुत्र्याचं नाव घालू नका, चोराला हाक मारायला आयतं नाव मिळतं. फोन नंबर घाला आणि 'चिप आहे' एवढं घाला (चिप म्हणजे काय ते खाली सांगतो).

पिल्लं झाली की फोटो टाकायची घाई करू नका. आणि टाकलेच तर मागे फाटक, घराचा नंबर, रस्त्याचा बोर्ड दिसत नाही ना बघा, लोकेशन बंद करा. पिल्लू बघायला येतो म्हणणाऱ्याला जाळीपर्यंत नेऊ नका, पिल्लू बाहेर आणून दाखवा. आमच्याकडे दोघं आले होते, त्यातल्या एकाने पिल्लाकडे बघितलंसुद्धा नाही, सगळा वेळ कुत्री रात्री कुठे असतात, भुंकतात का, विचारत होता. गाडीचा नंबर मी त्यांच्यादेखतच लिहून घेतला, पुन्हा फिरकले नाहीत.

आणि हो, फाटकावर खडूची खूण दिसली की चोरांनी निशाणी केली असा जो मेसेज सगळीकडे फिरतो, आमच्या फाटकावरही होती. मीटर बघणाऱ्या माणसाची निघाली. त्या आठवड्यात एका फेरीवाल्याला पोरांनी जवळजवळ धरून मारलाच होता. खूण दिसली तर फोटो काढून पुसून टाका, आणि अनोळखी माणसावर हात टाकू नका, नंबर लिहा आणि पोलिसांना कळवा.

चिप, जीपीएस, टॅग यातलं कुठलं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो. मायक्रोचिपने कुत्रं कुठे आहे ते कळत नाही. पुन्हा सांगतो, कळत नाही. ती तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठी, बॅटरी नसलेली वस्तू आहे, खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईने घालतात, आणि स्कॅनर अगदी जवळ नेला तरच ती आपला १५ अंकी नंबर सांगते. पण पट्टा काढून फेकता येतो, चिप नाही, त्यामुळे कुत्रं सापडल्यावर ते तुमचंच आहे हे सिद्ध करायला हिच्यासारखं दुसरं काही नाही. घालताना आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकातली, १३४.२ किलोहर्ट्झची आहे का विचारा, तीच बहुतेक ठिकाणच्या स्कॅनरला वाचता येते. आणि नुसती घालून उपयोग नाही, नंबर तुमच्या नावावर नोंदवावा लागतो, नोंदणी कुठे झाली त्याचा कागद मागून घ्या. माझ्या पहिल्या कुत्र्याला चिप होती, नोंद जुन्या बंद पडलेल्या फोन नंबरवर. आता काय बोलणार. वर्षातून एकदा लस द्यायला जाल तेव्हा डॉक्टरला स्कॅन करायला सांगा, चिप कधीकधी सरकून खांद्यावरून पुढच्या पायाकडे जाते, म्हणून हरवलेल्या कुत्र्याला स्कॅन करतानाही दोन्ही खांदे आणि छातीपर्यंत फिरवायला सांगायचं.

जिवंत ठिकाण हवं तर जीपीएसचा पट्टा. तो उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा ओळखतो, पण तुमच्या फोनला कळवतो मोबाईलच्या नेटवर्कवरून, त्यामुळे घ्यायच्या आधी शेताच्या चारही कोपऱ्यांत रेंज येते का ते फिरून बघा. दर मिनिटाला ठिकाण पाठवत बसला तर बॅटरी लवकर संपते, रोजच्याला मोठा अवधी ठेवा आणि कुत्रं हद्दीबाहेर गेलं की अलर्ट. चार्जिंगचा वार ठरवून टाका.

किल्लीला लावतात ते ब्लूटूथ टॅग वस्तीवर जवळजवळ बिनकामाचे. ते स्वतः उपग्रहाशी बोलत नाहीत, जवळून जाणाऱ्या दुसऱ्याच्या फोनवर विसंबून असतात, आणि आमच्या रस्त्यावर तासाला दोन फोन जातात. शिवाय एअरटॅगसारखा टॅग काही वेळ परक्या माणसाबरोबर फिरला की त्या माणसाच्याच फोनवर सूचना जाते, तुमच्यासोबत कोणाचा तरी टॅग आहे म्हणून. पाळतीपासून माणसांचं संरक्षण व्हावं म्हणून ते केलंय आणि बरोबरच केलंय, पण चोराला आयतं कळतं.

गेलंच तर

शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी मागा, बरेच कॅमेरे काही दिवसांत जुन्यावर नवं लिहितात. पोलिसांकडे जाताना फोटो, लसीचं कार्ड, चिपचा नंबर, कापलेला दोर सगळं घेऊन जा, नाहीतर 'हरवला' एवढंच लिहिलं जातं. बहुतेक देशांत कायद्याला पाळीव कुत्रं ही मालमत्ता आहे, चोरी ती चोरीच, हे शांतपणे लावून धरा. आजूबाजूच्या सगळ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना, प्राणी ठेवणाऱ्या संस्थांना चिपचा नंबर कळवा, कुत्री विकायच्या जाहिरातींवर काही आठवडे नजर ठेवा.

फोटो आजच काढून ठेवा, गेल्यावर सगळ्यांकडे फक्त लोळतानाचे फोटो निघतात. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून तोंड, उभं असताना, एक तुमच्यासोबत, आणि एक नाकाचा अगदी जवळून, नाकावरच्या रेघा प्रत्येक कुत्र्याच्या वेगळ्या असतात.

जाहिरातीत एक खूण मुद्दाम लपवा. राणीच्या मागच्या डाव्या पायाच्या तळव्यात एक गुलाबी ठिपका आहे तो मी कधीच कुठे लिहीत नाही (आता इथे लिहिला, पण खरा पाय वेगळा आहे, निश्चिंत राहा). राजाची जाहिरात टाकल्यावर तासाभरात फोन आला, कुत्रा आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा, गाडीभाडं लागेल. मी म्हटलं पोटावर काय आहे सांग. फोन कट. असे तीन फोन आले. आधी पैसे मागणारा असेल तर एक रुपया पाठवू नका, आत्ताचा फोटो मागा, तोही तुम्ही सांगाल त्या बाजूने काढलेला, आणि घ्यायला जाताना एकट्याने जाऊ नका, पोलिसांना सांगून जा.

राजा मिळाला नाही. राणीचं रात्रीचं आता बऱ्यापैकी बसलंय, फक्त एक गोष्ट राहिलीय, तिला गाडीत बसायची भयंकर हौस आहे आणि कोणाचंही दार उघडं दिसलं की उडी मारून मागच्या सीटवर. त्यावर सध्या काम चालू आहे, दार उघडायचं, 'थांब', ती थांबली की खाऊ, 'चल' म्हटल्याशिवाय चढायचं नाही, आधी आपली गाडी, मग मित्राची, मग अनोळखी. आपल्या गाडीला आता थांबते. काल मित्र येऊन त्याने दार उघडलं तर मी 'थांब' म्हणेपर्यंत बाई आत जाऊन खिडकीतून बाहेर बघत बसल्या होत्या.